मथुरेचं औषध

माझ्या सख्ख्या भावाने माझा केसाने गळा कापला, आणि त्याच्या बायकोचा जीव माझ्या हातून घेववला. कुणी म्हणेल, सखू, झालं गेलं, घरातली गोष्ट चव्हाट्यावर कशाला आणतेस? आणणार! दोन वर्षं तोंड शिवून बसले तेवढं पुरे झालं.

त्र्यंबक चार वर्षांचा असताना आमची आई गेली. मी तेव्हा सोळाची. नवरा जाऊन वर्ष झालेलं, डोक्यावरचे केस उतरवून कल्याणला बापाच्या घरी परत आलेली. तेव्हापासून त्याला न्हाऊ मी घातलं, जेवू मी घातलं, गोवर आला तेव्हा नऊ दिवस त्याच्या अंथरुणाशी मी बसले. मोठा झाला, इंग्रजी शिकला, ठाण्याच्या कचेरीत कारकून झाला. सकाळच्या आगगाडीने जायचा, दिवेलागणीला परत यायचा. सगळ्या आळीत मी मिरवायची, आमचा त्र्यंबक सगळ्या जगाशी खोटं बोलेल, पण आक्काशी बोलणार नाही. अशी मी शहाणी!

त्याची बायको मथुरा, एकोणीस वर्षांची. भिवंडीची. रंगाने सावळी, पण हसली की घर उजळायचं. मला वन्सं म्हणायची आणि आईसारखी धरून असायची. पहिल्या खेपेला तिचं तिसऱ्या महिन्यातच गेलं होतं. मग दोन वर्षं काही नाही. ज्युबिलीच्या साली, म्हणजे राणीला राज्यावर येऊन पन्नास वर्षं झाली म्हणून ठाण्याच्या कचेरीवर दिवे लावले होते त्या साली, तिला पुन्हा दिवस राहिले. नवरात्रात पाचवा लागला. या खेपेला मूल नीट हाती लागावं, एवढंच आम्हा दोघींच्या मनात होतं. दुसरं काही नाही.

आता माझा दोष आधी सांगते, म्हणजे पुढे दुसऱ्याला बोल लावताना माझी जीभ अडखळणार नाही. आमच्या घरचं सोवळं माझ्या ताब्यात. नवरात्रात नऊ दिवस देवीला नैवेद्य, आणि तो सवाष्णीच्याच हातचा लागतो. माझ्या हातचा चालत नाही. त्यामुळे स्वयंपाक मथुरेने करायचा आणि मी दाराशी पाट टाकून बसून सांगायचं. पहाटे ओलेत्याने सोवळ्याचं लुगडं नेसून ती चुलीपाशी बसली, की आरती होऊन पानं उठेपर्यंत तिथून हलायचं नाही. दोन वाजायचे, कधी अडीच. मध्ये लघवीला परसात गेलं की सोवळं मोडलं. पुन्हा डोक्यावरून आंघोळ, पुन्हा दुसरं लुगडं. आणि दुसरं लुगडं वाळलेलं असेल तर ना!

तिसऱ्या दिवशी ती माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, ''वन्सं, जरा परसात जाऊन येऊ का?''

''अगं, आत्ता तर पुरण चढवलंस,'' मी म्हटलं. ''धर थोडा वेळ. आम्ही नाही का धरत आलो?''

तिने धरली. चौथ्या दिवसापासून पोरीने त्यावर उपाय काढला. आदल्या संध्याकाळपासून पाणीच प्यायची नाही. प्यायलंच नाही तर जावं लागणार नाही. चुलीपुढे घामाने न्हायची, ओठ सुकायचे, आणि मी आपली कौतुक करतेय, बघा आमच्या मथुरेचं सोवळं! पाचव्या महिन्याची पोटुशी बाई. मला अक्कल होती कुठे?

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ती परसातून आली ती भिंत धरूनच. डोळ्यांत पाणी.

''काय गं?''

''वन्सं, फार जळजळ होते. थेंब थेंब होते आणि निखारे पडल्यासारखं होतं. पाच पाच मिनिटांनी जावंसं वाटतं.''

''उन्हाळी लागली तुला,'' मी म्हटलं. त्यात मला विशेष काही वाटलं नाही. कोणत्या बाईला आयुष्यात उन्हाळी लागली नाही? मी धने-जिरे रात्रभर भिजत घालून त्याचं पाणी तांब्या तांब्या तिला पाजलं. शहाळी आणवली. स्वयंपाक बंद करून तिला आडवी केली. चार दिवसांत बरंच उतरलं. मग कोजागिरीनंतर पुन्हा उसळलं, आणि या वेळी लघवी गढूळ, वास मारणारी, एकदा तर लालसर.

आमच्याकडे तुळसा यायची. आगरीण, विठ्ठलवाडीच्या बाजूची. आळीतल्या निम्म्या पोरांच्या नाळा तिने कापलेल्या. मथुरेचं पोट चाचपायला आली तेव्हा मी तिला हे सांगितलं. ती खाली बसली होती ती उठून उभी राहिली.

''बाय, ह्या दुखन्याला हसू नको,'' ती म्हणाली. ''एरवी ठीक हाय, पन पोटुशीनं हा अंगावर काढायचा नाय. माझ्या कोलशेतच्या भाचीचा असाच जाला. आधी जळजळ. मंग थंडी वाजली. मंग कंबर धरली. मंग पोर गेला, आन पोरामागून ती पन गेली. तू ठान्याच्या झेवियर डाक्टरला दाखव. बायांचा चांगला बघतो तो. पडद्याआडून इचारतो, हात पन लावत नाय.''

झेवियर डॉक्टर म्हणजे किरिस्तावच. तळ्याजवळ त्याचा दवाखाना. मी विचार करायला एक क्षणही घेतला नाही, हे लक्षात ठेवा. संध्याकाळी त्र्यंबक आला, पाय धुतले, पाटावर बसला, आणि मी त्याच्यापुढे सगळं मांडलं. तो कानापर्यंत लाल झाला.

''आक्का, असल्या गोष्टी काय बोलतेस?''

''असल्या म्हणजे कसल्या? तुझी बायको तळमळतेय. तुझं मूल तिच्या पोटात आहे. उद्या डॉक्टरला घेऊन ये.''

''किरिस्तावाला? घरात? आणि तुझं सोवळं?''

''माझं सोवळं मी बघून घेईन. तो गेल्यावर आंघोळ करीन, घर सारवून काढीन. सोवळ्यापायी पोरीला हे झालं, आता सोवळ्यापायी तिला मरू देऊ?''

तो बराच वेळ भात चिवडत बसला. मग म्हणाला, ''आणायला नको. मी जाऊन सगळं सांगतो आणि औषध घेऊन येतो.''

''नक्की?''

''तुझ्या गळ्याची शपथ, आक्का.''

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याने बाटली आणली. तपकिरी काचेची, बाजूला कागदाची पट्टी कातरून चिकटवलेली, एकेका खाचेला एकेक डोस. अशा बाटल्या मी शेजारी पाहिल्या होत्या. म्हणाला, ''डॉक्टरने सगळं नीट विचारलं. काळजीचं कारण नाही म्हणाला. त्याने पूड दिली, ती मी आपल्याच विहिरीच्या पाण्यात कालवली, म्हणजे तुला विटाळ नको. दिवसातून तीनदा द्यायचं. आणि एक, हे औषध चालू असताना गावठी काही म्हणजे काही द्यायचं नाही. तुझं धन्याचं पाणी बंद. उगाच सारखं पाणी पाजत बसायचं नाही.''

केवढा माझा ऊर भरून आला! माझ्या सोवळ्याचीसुद्धा काळजी केली पोराने. मी धन्याचं भांडं त्याच दिवशी घासून पालथं घातलं.

रोज तीनदा मी मथुरेला औषध पाजायची. माप बघून, खाच बघून, एक थेंब इकडे-तिकडे नाही. पहिल्या दिवशी तिने नाक मुरडलं. ''वन्सं, याला बडीशेपेचा वास येतो.''

''डॉक्टरच्या औषधाला कसलाही वास येतो. मुकाट्याने घे.''

तिसऱ्या दिवशी ती पेला हातात घेऊन माझ्याकडे बघत राहिली. ''वन्सं, हे खरंच डॉक्टरचं ना?''

''मग काय मी घरी बनवलं? घे म्हटलं ना!'' मी खेकसले. तिने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पेला रिकामा केला. त्यानंतर कधी विचारलं नाही; मला वाटलं, शहाणी झाली. बाटली संपली तशी त्र्यंबकाने दुसरी आणली. मला वाटलं, शहाणी झाली.

उतार मात्र पडेना. जळजळ तशीच, वर ओटीपोट दुखायला लागलं. मी त्र्यंबकाला रोज विचारायची, डॉक्टरला सांगितलंस का? तो म्हणायचा, सांगितलं. विकार जाताना आधी बाहेर पडतो, असं डॉक्टर म्हणाला. नवव्या दिवशी दुपारी मथुरेला हुडहुडी भरली. चार गोधड्या घातल्या तरी दात वाजायचे थांबेनात. मग ताप, असा की हात लावला तर चटका बसावा. उजव्या कुशीत, बरगडीच्या खाली मागल्या बाजूला, कळा सुरू झाल्या. पाण्याचा घोटसुद्धा ओकून टाकायची.

त्र्यंबक आला, बघितलं, म्हणाला, ''हिवताप आहे. कचेरीत चौघांना आलाय. मी कोयनेल आणतो.''

''हिवतापात कूस दुखते?''

''आक्का, तू डॉक्टर आहेस का?''

दुसऱ्या दिवशी सकाळी, तो गाडीला गेल्यावर, तुळसा आली. मथुरेच्या कुशीवर तिने नुसता हात ठेवला तर पोरगी किंचाळली. तुळसाने बाटली उचलून वास घेतला.

''डाक्टरनं धार बघितली?''

''म्हणजे?''

''लघवी गं. झेवियर डाक्टर धार बघितल्याबगर दवा देत नाय. काचेच्या नळीत घालतो, दिव्यावर तापवतो. तुमच्या भावानं नेलेली?''

नेली नव्हती. तरी मी म्हटलं, विसरला असेल, लाजला असेल. अजून माझं मन त्याच्याच बाजूने बोलत होतं! पण बसवेना. शेजारच्या काकूंना मथुरेपाशी बसवलं आणि मी तुळसाला घेऊन ठाण्याला निघाले. जन्मात एकटी आगगाडीत बसले नव्हते. आलवणाच्या पदराआड एका हाताने औषधाची बाटली धरली होती आणि दुसऱ्या हाताने मथुरेच्या लघवीची शिशी. माझ्यासारखी सोवळी बाई! बायकांच्या डब्यात कुणाचा धक्का लागला की मी अंग चोरायची, विटाळाच्या भीतीने नव्हे, शिशी सांडेल म्हणून. मुंब्र्याच्या खाडीपाशी गाडी बराच वेळ उभी राहिली तेव्हा मला इंजिनवाल्याला जाऊन झोडपावंसं वाटलं.

झेवियर डॉक्टर पन्नाशीचा, पांढऱ्या मिशांचा माणूस. आमच्यासारखंच मराठी बोलणारा. त्याने पडदा ओढायला सांगितलं. मी म्हटलं, ''पडदा राहू दे. तुम्ही ही धार बघा.'' त्याने नळीत घालून दिव्यावर धरली. बघता बघता ती नासलेल्या दुधासारखी फाटली. त्याचा चेहरा उतरला.

''ताप आहे? थंडी वाजून? कूस दुखते?''

''सगळं आहे. आणि तुमचं औषध चालू आहे, त्याला आज दहा दिवस झाले.''

''माझं?''

मी बाटली पुढे केली. त्याने बूच काढलं, वास घेतला, दोन थेंब हातावर घेऊन जिभेला लावले. बाटलीवरची पट्टी उजेडात धरली.

''बाई,'' तो म्हणाला, ''हे बडीशेपेचं पाणी आहे. थोडी साखर घातलीय. आणि ही पट्टी सरकारी कागदाची आहे, कडेला कचेरीच्या रेघा दिसतायत. कुणाकडून घेतलं हे?''

मी भावाचं नाव सांगितलं. त्याने आपली वही उघडून मागची सगळी पानं चाळली. मान हलवली. ''त्र्यंबकराव मला तोंडओळखीने ठाऊक आहेत. पण ते इथे आलेले नाहीत.''

तुळसाने मला बाकावर बसवलं. डॉक्टर पिशवी भरता भरता बोलत होता. लघवी तुंबवून, पाणी न पिऊन विकार आधी मूत्राशयात धरतो. तेव्हाच पडून राहायचं, जवाचं पाणी भरपूर प्यायचं, क्षारांची पूड घ्यायची, की बहुतेक बायका बऱ्या होतात. तसाच सोडला की वर चढतो, मूत्रपिंडाला लागतो. मग थंडी, ताप, कुशीत कळा. पोटुशी असली तर कळा लागून मूल जातं. रक्तात भिनला तर पुढे कुणाच्या हातात काही नाही. ''तुमचं धन्याचं पाणी चालू राहिलं असतं तरी या साखरपाण्यापेक्षा बरं झालं असतं,'' तो म्हणाला. माझी समजूत काढायलाच म्हणाला बिचारा. मला मात्र भोसकल्यासारखं झालं.

पुढची गाडी यायला तासभर होता. डॉक्टर म्हणाला, मी स्टेशनावर भेटतो. मी तडक कचेरीत गेले. पायऱ्यांपाशी उभी राहून शिपायाला सांगितलं, त्र्यंबकरावांना बोलाव, घरून बहीण आलीय. तो बाहेर आला. माझ्या हातातली बाटली त्याने पाहिली आणि तिथेच थबकला.

''का केलंस रे?'' मी म्हटलं.

''आक्का, हळू बोल.''

''का केलंस?''

तो मला भिंतीच्या आडोशाला घेऊन गेला. घाम पुसत, इकडेतिकडे बघत कुजबुजायला लागला. ''तुला कळत नाही, आक्का. बायकोला असलं काही झालं की लोक नवऱ्याकडे बघतात. म्हणतात, बाहेरख्याली करून परम्याचा रोग घेऊन आला आणि बायकोला दिला. आमच्याकडे एका कारकुनाची बायको याच दुखण्याने दवाखान्यात नेली, आजसुद्धा तो आला की लोक खाकरतात. झेवियर डॉक्टर रोज संध्याकाळी मामलेदारांकडे पट खेळायला जातो. माझं वरच्या जागेसाठी नाव गेलंय. मला वाटलं, उन्हाळीच तर आहे, आपोआप जाईल. बायकांना नेहमीच होते. तुझं समाधान व्हावं म्हणून बाटली आणली.''

''माझं समाधान! आणि धन्याचं पाणी का बंद केलंस?''

''डॉक्टर लोक असं सांगतात, म्हणून... तुला खरं वाटावं म्हणून.''

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. वाटलं, इथेच बोंब ठोकावी, सगळी कचेरी गोळा करावी, या भेकडाने काय केलं ते ओरडून सांगावं. ओठांवर आलं होतं. पण तो पुन्हा म्हणाला, ''हळू, आक्का, तुझ्या पाया पडतो,'' आणि मला तो चार वर्षांचा दिसला. मी गप्प बसले. त्याला म्हटलं, चल घरी. त्या क्षणी गप्प बसले त्याची शिक्षा मी आजपर्यंत भोगतेय.

घरी पोचलो तोवर मथुरेला कळा सुरू झाल्या होत्या. दिवेलागणीच्या आधीच मूल झालं. मुलगा होता, तळहातावर मावेल एवढा, एकदाही रडला नाही. तुळसाने त्याला फडक्यात गुंडाळलं. डॉक्टर दारापलीकडून सूचना देत होता, मग मीच त्याला आत घेतलं. तो माजघरात आला, मथुरेची नाडी धरली, डोळे पाहिले, औषध दिलं. या खेपेचं औषध कडूजहर होतं. मी माझ्या जिभेवर घेऊन पाहिलं आणि मगच तिला दिलं.

दोन दिवस तो सकाळ-संध्याकाळ आला. ताप उतरायचा, पुन्हा हुडहुडी भरून चढायचा. तिसऱ्या दिवशी मथुरेचे वडील भिवंडीहून आले. ओटीवर त्र्यंबक त्यांच्यापाशी बसला होता. मी पाणी घेऊन निघाले होते, दाराआड थांबले, कारण माझं नाव ऐकू आलं.

''आमच्या आक्काचं सोवळं फार कडक,'' त्र्यंबक सांगत होता. ''किरिस्ताव डॉक्टरला घरात पाऊल टाकू देईना. मी किती विनवण्या केल्या. शेवटी प्रकरण हाताबाहेर गेलं तेव्हा कुठे तयार झाली.''

त्याची भीती मला समजली होती. माझ्याशी खोटं बोलला, तेही मी भ्याड म्हणून गिळलं असतं. पण हे? जिने त्याला वाढवलं तिच्या गळ्यात स्वतःचं पाप बांधून हा पोरगा सासऱ्यापुढे डोळे पुसत होता!

मी पाणी तिथेच ठेवलं आणि मथुरेकडे गेले. ती जागी होती, बऱ्याच वेळाने शुद्धीवर. डोळे खोल गेलेले. मी तिच्या कपाळावरची पट्टी बदलली. ती माझ्याकडे एकटक बघत होती.

''वन्सं,'' ती म्हणाली, ''तुम्ही तरी असं करायला नको होतं.''

''काय गं?''

''औषधाच्या तिसऱ्या दिवशी पहाटे मी परसात गेले होते. हे विहिरीपाशी बसून बडीशेपेचं पाणी फडक्यातून गाळून बाटलीत भरत होते. मी पाहिलं. मग तुम्हाला विचारलं, हे डॉक्टरचं ना? तुम्ही म्हणालात, घे म्हटलं ना.''

मी पट्टी सोडून तिच्या उशाशी खाली बसले.

''मला वाटलं, दोघांनी मिळून ठरवलंय,'' ती म्हणाली. दम लागत होता, थांबून थांबून बोलत होती. ''मग मी कुणाला सांगणार? तुम्ही देत होतात म्हणून प्यायले. दुसऱ्या कुणी दिलं असतं तर ओतून दिलं असतं.''

''नाही गं मथुरे! मला ठाऊक नव्हतं. देवीची शपथ, मला काही ठाऊक नव्हतं. मला त्याने फसवलं. मी खरं औषध समजून दिलं तुला.''

तिने माझ्यावरची नजर काढून घेतली. सगळेच शपथा घेतात, तिला ते ठाऊक झालं होतं. मी धावत ओटीवर गेले, त्र्यंबकाचा दंड धरून त्याला आत ओढत आणलं. त्याचे सासरे मागोमाग आले, उंबऱ्याशी उभे राहिले. तुळसा कोपऱ्यात बसली होती.

''सांग तिला,'' मी म्हटलं. ''त्या बाटलीत काय होतं ते मला माहीत नव्हतं, एवढंच सांग. मी तुझ्याकडे जन्मात दुसरं काही मागितलं नाही, आणि पुढेही मागणार नाही. ती माझ्याविषयी वाईट मनात धरून बसलीय रे. एवढं एक वाक्य बोल.''

मथुरेने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. वाट बघत होती ती. तिलाही ते ऐकायचं होतं, मला तिच्या डोळ्यांत दिसलं. त्र्यंबकाने बायकोकडे पाहिलं, मग उंबऱ्यात उभ्या सासऱ्यांकडे पाहिलं.

''आक्का,'' तो अगदी मऊ आवाजात म्हणाला, ''आता हा विषय कशाला? तिला त्रास होतो. पडू दे तिला शांत.''

आणि निघून गेला. सासरे माझ्याकडे असे बघत राहिले, जणू मी त्यांची मुलगी विहिरीत ढकललीय.

मथुरेने डोळे मिटले. थोड्या वेळाने म्हणाली, ''पाणी.'' मी वाटी उचलली, तिचं डोकं हातावर घेतलं, वाटी ओठांना लावली. तिने ओठ घट्ट मिटून घेतले. मला वाटलं, गिळवत नसेल. मी पुन्हा लावली. तिने हाताने वाटी हळूच बाजूला सारली.

''तुळसा, तू दे,'' ती म्हणाली.

आमच्या घरात तुळसाने घागरीला हात लावला असता तर आम्ही सगळं पाणी ओतून दिलं असतं. तुळसा माझ्याकडे बघायला लागली. मी वाटी तिच्या हातात दिली. मथुरा तिच्या हातचं पाणी घटाघटा प्यायली, सगळी वाटी. दुसऱ्या दिवशी दुपारी गेली. तोपर्यंत पाणी, औषध, सगळं तुळसानेच पाजलं, आणि मी हातभर अंतरावर बसून होते.